लाडूचा डावा डोळा

राळेगाव,
२४ जून

प्रिय धम्मू,

जय भीम.

लाडू जिवंत आहे. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण तुझी सवय मला माहीत आहे, तू आधी शेवटचं पान पाहशील. पाहू नकोस. दीपमालाताईंसमोर बसून पहिल्यापासून वाच, त्यांनी मला तसं कबूल केलं आहे. लाडू जिवंत आहे, पण त्याचा डावा डोळा गेला आहे, आणि येत्या गुरुवारी नागपूरला तो डोळा काढायचा आहे. दुसरं असं की, मागच्या तीन पत्रांत मी 'लाडू मजेत आहे' असं जे लिहिलं, ते साफ खोटं होतं. आईनं पोराला लिहून खोटं सांगितलं, तेही तीनदा. आता माझ्यावर चिड, नाही तर रडून घे, पण पुढे वाच.

मी पत्रात पुस्तकी लिहिते म्हणून तू नेहमी चिडवतोस. वीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं लिहिली की बाई अशीच लिहायला लागते, त्याला माझा इलाज नाही.

अकरा एप्रिल आठवतो ना? व्यसनमुक्ती केंद्राची जीप दारात उभी, दीपमालाताई आत बसलेल्या, आणि तू त्या काचेच्या पेटीजवळ मांडी घालून बसलेला. आई लाडूला सांभाळणार असेल तरच जातो, म्हणालास. चार वर्षं मी त्या पेटीवरची धूळसुद्धा लांबून फुंकून उडवली. नागपूरच्या मित्राकडून तू तो आणलास, हा आपल्याकडचा अजगर नाही, आफ्रिकेचा बॉल पायथन आहे, घाबरला की चावत नाही, लाडूसारखा गोळा होतो, असं किती समजावलंस, तरी मी कधी बोट लावलं नव्हतं. आणि त्या दिवशी मी एका क्षणात हो म्हणाले. तू वाघ सांभाळ म्हणाला असतास तरी हो म्हणाले असते, इतकी मी तुझ्या दारूला भ्यायले होते. तुझे बाबा तेवढे भिंतीला टेकून पुटपुटले, "आता आमी सापाले पाहू का तुले?" तू ऐकलंस, पण जीपमध्ये बसलास. तेव्हा मी पेटीकडे पाहिलं आणि वाटलं, हा जगला तर माझा पोरगा नव्वद दिवस तिथं टिकेल.

तुझा अकरा कलमांचा कागद कपाटावर चिकटवलेला होता. रोज पाणी बदल. दहा-बारा दिवसांनी एक उंदीर. ओलावा साठच्या खाली जाऊ देऊ नको. अक्षर इतकं थरथरलेलं की साठ आहे की सात, हे मी तुझ्या बाबांना दोनदा विचारलं. उंदराचं काम मी त्यांच्यावर टाकलं. रोज सकाळी पंचशील म्हणायचं आणि मग जिवंत उंदीर उचलून द्यायचा, हे माझ्यानं होत नाही बाबा. कापसाच्या जिनिंगचा हंगाम संपलेला, ते घरीच होते. तोंड वाकडं करून करायचे, पण करायचे.

आठवड्यातच लाडूचे दोन्ही डोळे निळसर, दुधाळ झाले. मी म्हटलं, गेला, याला मोतीबिंदू झाला. मग कागदाच्या मागे तू लिहिलेलं सापडलं की कात टाकण्याआधी डोळे असे होतात, घाबरू नको. घाबरू नको म्हणणं सोपं असतं. तू एकदा मला त्याची कात दाखवली होतीस, मोजा उलटा काढावा तशी अख्खी, डोळ्यांवरच्या दोन गोल काचांसकट. या वेळी तसं काही झालं नाही. कांद्याची टरफलं निघावीत तसे तुकडे पडले. शेपटीच्या टोकाला एक कडं राहिलं आणि डाव्या डोळ्यावर एक धुरकट पापुद्रा. उजवा डोळा मण्यासारखा काळाभोर, अन् डावा मळलेला. पेटीतल्या मीटरवर ओलावा होता बावीस. बाहेर पंचेचाळीस डिग्री, घरात कुलर बंद करून बसलो तर जीव जाईल अशी अवस्था, ओलावा आणू कुठून?

मग मी माझी अक्कल चालवली. आपल्याकडे उन्हाळ्यात माठाला काय करतात? ओला बारदाना गुंडाळतात. कुंड्यांना, नव्या सिमेंटला, सगळ्यांना बारदानाच. मी जिनिंगवरचा एक जाड बारदाना धुतला, पाण्यात बुडवला, निम्मा पेटीच्या बाहेरून गुंडाळला आणि निम्मा आत लाडूच्या अंगाखाली अंथरला. पेटी सरकवली कुलरसमोर. सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी. दुसऱ्या दिवशी मीटर नव्वदवर! मला इतका आनंद झाला की त्याच दुपारी तुला पहिलं पत्र लिहिलं. तेव्हाही डोळ्यावरचा पापुद्रा तसाच होता, पण तो मी लिहिला नाही. दीपमालाताईंनी सांगितलं होतं की पहिले दोन महिने घरची काळजी त्याच्यापर्यंत पोचू देऊ नका. मी ते सोयीनं धरून ठेवलं.

बारा दिवसांनी तुझ्या बाबांनी उंदीर द्यायला झाकण काढलं आणि मला हाक मारली. वास येत होता, ओल्या पोत्याचा येतो तसा, पण त्यात आणखी काहीतरी. त्यांनी लाडूला उचललं. होय, त्यांनीच. चार वर्षांत पहिल्यांदा. पोटाचे खवले, जे पांढरेशुभ्र असायचे, ते लाल-तपकिरी झालेले, कडा उचललेल्या, मधेमधे पाण्याचे फोड. मले काहीच सुचून नाही राह्यलं. हात आपोआप डब्याकडे गेला. जखम म्हटली की आपण दुसरं काय लावतो? खोबरेल तेलात हळद कालवली आणि त्याच्या पोटभर चोपडली. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या हंसाबाई वाटी परत द्यायला आल्या. पिवळाधमक साप, समोर मी बसलेली, हात हळदीनं माखलेले. त्यांनी दारातूनच हात जोडले आणि म्हणाल्या, नलूबाई, एवढी वर्षं नाही नाही म्हणत होत्या, शेवटी देवाचं केलंच की नाही! दूध आणायला त्या घरी पळाल्यासुद्धा. त्यांना कसं सांगू की ही पूजा नाही, माझी घोडचूक आहे? एरवी तुला हसू आलं असतं. मलाही आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही यवतमाळला निघालो. लाडूला उशीच्या अभ्र्यात घालून गाठ मारली, अभ्रा वेताच्या टोपलीत, वर टॉवेल. कंडक्टर म्हणाला टोपली सीटखाली ठेवा. तुझे बाबा म्हणाले, आंबे आहेत, दबतील, मांडीवरच घेतो. कळंबला एक बाई चढली, तिनं विचारलं, गावरान आहेत का? तर बाबा खरं बोलले, "नाई, बाहेरचे आहेत." ज्या माणसानं आयुष्यात तुझ्या सापाचं नाव तोंडानं घेतलं नाही, तो सगळा रस्ता टोपलीवर पंजा ठेवून बसला होता. मी खिडकीकडे तोंड करून बसले, कारण माझ्या डोळ्याला पाणी होतं आणि त्यांना ते चालत नाही.

डॉक्टर उज्ज्वला राठोड. वयानं तुझ्यापेक्षा चारपाच वर्षं मोठी असेल. दारात दोन शेळ्या आणि एक गाभण म्हैस उभी, त्यांच्यातून आम्ही टोपली घेऊन आत. तिनं लाडूला पालथा-उताणा करून पाहिलं, हळद पुसली आणि मला असं झापलं की म्हशीनंसुद्धा मान वर करून पाहिलं. म्हणाली, काकू, ओलावा हवेत लागतो, अंथरुणात नाही. ओल्यावर झोपून झोपून याचे खवले सडायला लागलेत. तेल लावलंत म्हणजे त्यावर झाकणच घातलंत. मी मान खाली घालून ऐकलं. मग तिनं पुण्याच्या कोणा सापांच्या डॉक्टरला फोन करून विचारलं, इंजेक्शन दिलं, आणि सांगितलं की पेटी पूर्ण कोरडी करा, खाली नुसता कोरा कागद घाला, रोज बदला, आणि कोमट पाण्यात बीटाडीन घालून, पाण्याला फिक्क्या चहाचा रंग येईल एवढंच, रोज पंधरा मिनिटं पोट बुडवा. ओलाव्यासाठी पेटीत एक बंद डबा ठेवा, त्याला भोक पाडा, आत ओलं शेवाळ ठेवा. त्याला वाटेल तेव्हा तो जाईल, वाटेल तेव्हा कोरड्यात येईल.

ते पंधरा मिनिटांचं काम तुझ्या बाबांनी स्वतःकडे घेतलं. मी नको म्हटलं तरी. आपल्या पिठाच्या परातीत, बरं का! मी नवी परात आणली, ती वेगळी गोष्ट. ते पाटावर बसायचे, लाडूचं डोकं अंगठ्यावर धरायचे आणि त्याच्याशी बोलायचे. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. "काहून बे, आज हालून नाही राह्यला? दुखते का?" तुझ्याशी ते कधी असं बोलले का, मला आठवत नाही. तुलाही आठवत नसेल. तीनेक आठवड्यांत फोड बसले, नवे खवले जरा वेडेवाकडे पण कोरडे आले, आणि लाडूनं उंदीर खाल्ला. त्या दिवशी मी तुला दुसरं पत्र लिहिलं. ते वाचून तुला माझा आनंद खरा वाटला असेल, कारण तो खरा होता. फक्त कशाचा होता ते मी लिहिलं नाही.

डोळा राहिलाच होता. डॉक्टरनं बजावलं होतं की डाव्या डोळ्यावरच्या पापुद्र्याला हात लावायचा नाही, पुढच्या कातेबरोबर तो निघेल. मेच्या शेवटी पुढची कात आली. अंगावरची बऱ्यापैकी निघाली, शेपटीचं कडंही गळून पडलं. डोळ्यावरचं नाही. उलट आणखी जाड, दह्याच्या सायीसारखं दिसायला लागलं. मी चार दिवस पाहिलं. धम्मू, माझा स्वभाव तुला माहीत आहे, अंगणवाडीतल्या पोरांच्या नाकाला शेंबूड दिसला तर मी ते रडत असताना पुसते. पाचव्या दिवशी बाबा बाजारात गेलेले. मी ओला कापूस घेतला, दहा मिनिटं डोळ्यावर धरला, आणि कड उचललेली दिसली म्हणून नखानं पकडून ओढलं. निघालं. पापुद्रा निघाला आणि लाडूनं डोकं असं झटकलं की माझ्या हातातून तो खाली पडला. तो ओरडू शकत नाही ना, हेच वाईट. ओरडला असता तर मी आधीच थांबले असते.

तिसऱ्या दिवशी डोळा फुगला. आठव्या दिवशी आत पिवळं दिसायला लागलं. बाबांना मी खरं सांगितलं, तशी त्यांनी टोपली काढली आणि ते टॉवेल घडी करायला लागले. मी तुला तिसरं पत्र त्याच दिवशी पोस्टात टाकलं. त्यात काय लिहिलं होतं ते तुला पाठ असेल, मला आठवायचं नाही.

आता जे लिहिणार आहे त्यासाठी मी दोन दिवस पेन उचललं नव्हतं. डॉक्टर उज्ज्वलानं भिंग लावून डोळा पाहिला. मी काढलेला तो पापुद्रा मी कागदात बांधून नेला होता, तोही पाहिला. मग तिनं मला शेजारी बसवलं, या वेळी झापलं नाही. म्हणाली, काकू, हा एक थर नाही. चार आहेत, एकावर एक. चार वेळा कात टाकली आणि चारही वेळा डोळ्यावरचं तसंच राहिलं. वरचे दोन एप्रिल-मेचे, तुमच्या वेळचे. पण त्याखालचे दोन जुने आहेत, जानेवारी-फेब्रुवारीतले असावेत. खाली तेव्हापासूनच कुजायला लागलं असणार. तुम्ही ओढलंत हे चुकलंच, पण डोळा तुमच्या हातात आला तेव्हाच आजारी होता.

येताना एसटीत मी हिशेब लावत होते. जानेवारी म्हणजे तू दुकानावर कामाला जाणं बंद केलंस तो महिना. फेब्रुवारी म्हणजे कळंबच्या रस्त्यावर गाडीवरून पडलास तो. तुझ्या खोलीचं दार दुपारपर्यंत बंद, आणि आम्ही विचारलं तर उत्तर एकच, लाडूचं सगळं बरं आहे. मला खरं सांगायचं तर आधी सुटका झाल्यासारखं वाटलं. सगळं माझ्यामुळे नाही झालं! आणि मग स्वतःचीच चीड आली. तरी मनात एक होतंच, की पोराला काय माहीत, त्याला शुद्ध होती का? त्याला दिसलंच नसेल.

पण परवा तुझं पत्र आलं. मी खिचडीचं पातेलं उतरवून, हात पुसून, अंगणवाडीच्या ओट्यावर बसून वाचलं. एका पानाच्या पत्रात तू तीनदा विचारलंस, डाव्या डोळ्यावर काही दिसतं का. दोन डोळ्यांपैकी डावाच काहून रे? म्हणजे तुला माहीत होतं. जीपमध्ये बसलास तेव्हाही माहीत होतं. अकरा कलमं लिहिलीस, पाण्याची वाटी कोणती तेसुद्धा लिहिलंस, आणि हे एक लिहिलं नाहीस. मला खूप राग आला. अजून आहे. मी तिथल्या तिथे पत्र चुरगळलं आणि मग पुन्हा सरळ केलं. तुला लाज वाटली म्हणून तू लिहिलं नाहीस, हे मला कळतं, कारण मीही त्याच कारणानं तीन पत्रं लिहिली. त्या मुक्या जिवाचा डोळा आपण दोघांनी मिळून घालवला. थोडा तू, थोडा मी. कमी-जास्त कोण, ते मी ठरवणार नाही, तूही ठरवू नकोस.

डोळा काढला नाही तर पू जबड्यात उतरेल, म्हणून गुरुवारी नागपूर. तिथले डॉक्टर पक्ष्यांचं आणि सापांचं करतात. भूल दिल्यावर तो जागा होईलच असा शब्द त्यांनी दिलेला नाही. एका डोळ्यानं साप नीट जगतो, खातो, कात टाकतो, एवढं मात्र सांगितलं. संमतीच्या कागदावर मालक म्हणून तुझं नाव आहे, सही मी केली. आज सकाळी तो माझ्या मनगटाला वेढा घालून बसला होता, बराच वेळ. मी त्याला काढलं नाही.

आणि आता हे पत्र कशासाठी, ते. काल दीपमालाताईंचा फोन आला. तू दोनदा बॅग भरलीस म्हणे. लाडूला काहीतरी झालंय, मला एक दिवस जाऊन येऊ द्या, असं म्हणतोस. केंद्राच्या फाटकाला कुलूप नाही, तुला कोणी अडवू शकत नाही. ताई म्हणाल्या, लाडू ठणठणीत आहे असं एक पत्र लिहा, पंधरा दिवस निघून जातील. मी रात्रभर विचार केला आणि ते मला जमलं नाही. या घरात आता आणखी एक खोटं मला सहन होणार नाही, माझंसुद्धा. म्हणून सगळं लिहिलं. हे वाचून तू निघशील, ही भीती मला आहे. तुझे बाबा उद्या पहिल्या एसटीनं हे पत्र घेऊन येतील. फाटकावर देतील आणि परततील, त्यांना भेटायचा हट्ट धरू नकोस, तू समोर दिसलास तर ते तुला नाही म्हणू शकणार नाहीत. मी म्हणू शकते. तू पिऊन आलास, पडून आलास, पहाटे आलास, प्रत्येक वेळी पहिल्या हाकेला मीच कडी काढली. धम्मू, तुझा आज पंच्याहत्तरावा दिवस आहे. नऊ जुलैच्या आधी आलास, लाडूसाठी आलास, तो मेला म्हणून आलास, तरी मी कडी काढणार नाही. आत दाराला पाठ लावून बसेन, तुझी प्रत्येक हाक ऐकेन, आणि उठणार नाही.

तुझीच,
आई